मुसफ्फातला फ्लोरिडा

मी आयुष्यात एकच निवडणूक लढवली आणि ती बायकोकडून हरलो. मला त्रेसष्ट मतं पडली, तिला एकोणतीस.

(आकडे उलटसुलट झालेले नाहीत. तिला एकोणतीसच पडली. आणि तीच जिंकली!)

या सगळ्याला अमेरिका जबाबदार आहे. माझा धाकटा भाऊ दिगंबर ह्यूस्टनला असतो. नव्वदच्या दशकात लोकांचे भाऊ अमेरिकेतून चॉकलेटं पाठवत, शॅम्पू पाठवत. आमचा दिगू कॅसेट पाठवायचा. गाण्यांच्या नव्हे! तिकडे रेडिओवर एक गृहस्थ रोज राजकारणावर बोलायचे, जुन्या वळणाचे आणि कट्टर उजवे. दिगू त्यांचं बोलणं टेप करून महिन्याला सहा कॅसेट रवाना करी. मी अबू धाबीत टुरिस्ट क्लब भागात राहत होतो आणि शहराबाहेरच्या मुसफ्फा औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅब्रिकेशन कंपनीत मॅनेजर होतो. जाऊनयेऊन रोज सव्वा तास गाडीत. तेवढ्या वेळात माणूस दुसरं काय करणार?

ते गृहस्थ बोलत नसत, गरजत. सरकार लहान हवं, टॅक्स कमी हवा, कुटुंब भक्कम हवं, बापजाद्यांनी घालून दिलेली घडी मोडू नये, आणि मोठ्या शहरांतल्या शहाण्यांनी खेड्यातल्या माणसाला मूर्ख समजू नये. तीन वर्षं मी हे ऐकलं आणि मला पटलं. नुसतं पटलं नाही, अंगात भिनलं! अमेरिकेत मी तोवर पाऊलही ठेवलं नव्हतं, पण आयोवाच्या मक्याच्या शेतकऱ्याचं मन मला माझ्या सख्ख्या मेहुण्यापेक्षा जास्त कळायला लागलं. माझी बायको वृंदा त्या वक्त्याला ‘रेडिओबुवा’ म्हणायची.

बुवांची शिकवण मी घरातही लागू करून पाहिली. एकदा जेवताना म्हणालो, “सरकार जितकं लहान, तितकं चांगलं.”

आमची मुक्ता तेव्हा अकरा वर्षांची होती. तिने विचारलं, “बाबा, हू इज द गव्हर्नमेंट इन अवर हाउस?”

मी पाणी प्यायलो. वृंदा ओट्यापासून म्हणाली, “बाबांना विचारून काय उपयोग? ते लग्नापासून विरोधी पक्षात आहेत.”

मग ते वर्ष आलं, ज्या वर्षी अमेरिकेची मतमोजणी फ्लोरिडात अडकली. तिकडची मध्यरात्र म्हणजे आमची ऐन ऑफिसची वेळ. अकराच्या सुमारास टीव्हीने आमचा उमेदवार निवडून आल्याचं जाहीर केलं. (‘आमचा’ म्हणजे बुवांचा आणि माझा.) मी ताबडतोब सगळ्या ऑफिसला समोसे मागवले. एक वाजता टीव्हीने सांगितलं, माफ करा, अजून काही ठरलेलं नाही! समोसे परत घेता येत नाहीत. आमचा इजिप्शियन अकाउंटंट तिसरा समोसा खात मला म्हणाला, “इन्शाल्ला, माय फ्रेंड, इन्शाल्ला.”

पुढचा महिनाभर मी कामाला कमी आणि फ्लोरिडाला जास्त होतो. कार्डावर भोक पाडून मत द्यायची तिकडे पद्धत. काहींची भोकं अर्धवट पडली होती, कागदाचा तुकडा तसाच लोंबत होता. असं मत धरायचं की नाही यावर तो देश कोर्टात गेला. माझं मत स्वच्छ होतं. नियम म्हणजे नियम! भोक आरपार नसेल तर मत बाद, मतदाराच्या मनात काय होतं ते शोधत बसायला आपण काय ज्योतिषी आहोत? शेवटी आमचा उमेदवार जिंकला. देशभरची एकूण मतं समोरच्याला जास्त होती, पण तिकडे राज्याराज्याने जिंकावं लागतं, आणि तिथे आमचा पुढे निघाला.

“हीच तर गंमत आहे!” असं मी लिफ्टमध्ये, भाजीवाल्या मलबाऱ्याकडे आणि एकदा दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत तोंडात कापूस असतानासुद्धा सांगितलं. “नुसती डोकी मोजली तर चार मोठी शहरं देश चालवतील. लहान राज्यांना कोण विचारणार? घटना लिहिणाऱ्यांची दूरदृष्टी बघा!”

हे सगळं दातांच्या डॉक्टरांपाशी थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण मी आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्षही होतो. सलग तीन वर्षं बिनविरोध. (हे पद दुसऱ्या कुणाला नको होतं, एवढीच माझी लोकप्रियता.) मंडळाचा सर्वांत मोठा कार्यक्रम गुढीपाडव्याचा. त्याला एक जुनी प्रथा होती. प्रत्येक कुटुंबाने घरून चाळीस पुरणपोळ्या करून आणायच्या. मुसफ्फाच्या कामगार कॅम्पात एकटे राहणारे आमचे अडतीस बॅचलर सभासद वर्षभर त्या पोळीची वाट बघत. मी दरवर्षी भाषणात सांगायचो की विकतची पोळी ज्या दिवशी आपल्या पंगतीत आली, त्या दिवशी आपली संस्कृती संपली. टाळ्या पडायच्या. बॅचलर उभं राहून वाजवायचे.

त्या डिसेंबरात एक दिवस वृंदा धुतलेले कपडे घडी करत म्हणाली, “यंदा पोळ्या केटररला सांगू या का? माणशी पंधरा दिरहॅम म्हणतोय, म्हणजे एकशे नव्वद रुपये.”

“अशक्य! ही आपली परंपरा आहे.”

“परंपरा चाळीस पोळ्या लाटते, आणि मग हॉलच्या मागच्या किचनमध्ये वाट्याला आलेल्या तीनशे पोळ्या तूप लावून गरम करते,” ती म्हणाली. “मुक्ता चार वर्षं पाडव्याला लेझीम खेळते आहे. मी एकदाही पाहिलेलं नाही. नुसतं ऐकलंय, भिंतीपलीकडून. मला एकदा नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसायचंय हो. एकदाच.”

आता इथे शहाण्या माणसाने काय म्हटलं असतं? मी म्हणालो, “व्हिडिओ आहे ना.”

तिने माझ्या शर्टाची घडी जरा जोरात केली आणि विषय संपला. मला वाटलं, संपला.

त्याच आठवड्यात आमच्याकडे कमिटीची बैठक होती. वार्षिक निवडणूक जानेवारीत होणार होती, आणि मी अमेरिकेच्या नशेत होतो. मी प्रस्ताव मांडला. यंदा हात वर करून नाही, खरीखुरी निवडणूक! मंडळाचे पाच भाग धरायचे: हमदान, टुरिस्ट क्लब, खालिदिया, मुसफ्फा आणि अल ऐन. प्रत्येक भागाचं एकच मत. जो ज्या भागात पुढे, तो भाग त्याचा. तीन भाग जिंकेल तो अध्यक्ष. बरोबरी झाली तर तो भाग जुन्या अध्यक्षाकडे. (जे आहे ते टिकवावं!)

मुसफ्फाचे शिर्के, बॅचलरांचे पुढारी आणि वेल्डिंगचे फोरमन, कोपऱ्यातून म्हणाले, “साहेब, आमी अडतीस लोक. अल ऐनला तीन बिऱ्हाडं, सहा मतं. आमचं बी एक आणि त्यांचं बी एक? ये तो गडबड है ना?”

“शिर्के, हीच तर गंमत आहे!” मी खुर्चीच्या कडेला सरकलो. चाळीस मिनिटं बोललो. शेवटी शिर्के हात जोडून म्हणाले, “खलास साहेब, पटलं. आमचं मत कमी धरा.” स्वतःच्या हक्काच्या अडतीस मतांची किंमत एकावर आणणारा उमेदवार जगाने तोवर पाहिला नसावा.

मग मी नियम लिहिले. मत कार्डाला भोक पाडून द्यायचं, प्रत्येक भागाच्या कार्डाचा रंग वेगळा. डाव्या चौकटीत भोक म्हणजे जुना अध्यक्ष, उजव्या चौकटीत म्हणजे विरोधक. आरपार नसेल तर बाद. आणि पक्षपात नको म्हणून, मत वैध की अवैध हे आधी ठरवायचं, ते कुणाला पडलं ते नंतर बघायचं. आमचे सर्वांत ज्येष्ठ सभासद गद्रेकाका निवडणूक अधिकारी झाले. त्यांनी चष्मा पुसत विचारलं, “हे सगळं कुणासाठी? तुझ्याविरुद्ध उभं कोण राहणार आहे?”

“काका, लोकशाहीत कुणीतरी उभं राहतंच,” मी आत्मविश्वासाने म्हणालो.

चहाचा ट्रे घेऊन वृंदा आत आली. तिने सगळ्यांना कप दिले, शेवटचा काकांना, आणि म्हणाली, “काका, माझा अर्ज लिहून घ्या.”

मला वाटलं, चेष्टा आहे. मी हसलो. माझ्याबरोबर कुणीच हसलं नाही.

पुढचे तीन आठवडे आमच्या घरात दोन पक्ष एका फ्रीजवर राहत होते. मी प्रचाराची पत्रकं छापली: ‘परंपरा, पोळी, प्रगती’. वृंदाने काहीच छापलं नाही. ती फक्त फोन करायची. मी हॉलमधून ऐकायचो. “तुमच्याकडे पुरण कोण वाटतं हो? तुम्हीच ना? आणि यांचं काय काम असतं? चव बघायचं?” मग बराच वेळ हसणं. मी मुक्ताला विचारलं, “तू कुणाच्या बाजूने?” ती म्हणाली, “बाबा, आय कान्ट व्होट. बट आय लाइक हर बेटर.”

मी गणित मांडलं. मुसफ्फा खिशात. हमदान गद्रेकाकांचा, तिथले पुरुष जुन्या वळणाचे, जमेल. टुरिस्ट क्लब तर माझाच भाग, माझीच बिल्डिंग! खालिदिया आणि अल ऐन तिला गेले तरी तीन माझे. चिंता नाही.

निवडणूक जानेवारीतल्या शुक्रवारी, संक्रांतीच्या तिळगुळासकट, आमच्या कंपनीच्या मुसफ्फातल्या मेसमध्ये झाली. आधी उमेदवारांची भाषणं, प्रत्येकी दोन मिनिटं. मी अकरा मिनिटं बोललो. लहान राज्यांपासून सुरुवात करून पुरणपोळीवर आलो आणि कुटुंबव्यवस्थेवर संपवलं. बॅचलरांनी टेबलं बडवली. बायका तिळगूळ मोजत होत्या.

मग वृंदा उठली. तिच्या हातात कागदही नव्हता.

“माझे यजमान गाडीत ज्या कॅसेट लावतात, त्या मीही तीन वर्षं ऐकते आहे,” ती म्हणाली. “न ऐकून सांगते कुणाला, बंदच करत नाहीत! त्यात ते बुवा म्हणतात, टॅक्स कमी करा. आपलं मंडळ दरवर्षी प्रत्येक घरावर चाळीस पोळ्यांचा टॅक्स लावतं. मी तो रद्द करणार. ते म्हणतात, सरकारने लोकांच्या घरात नाक खुपसू नये. मी मंडळाचं नाक आमच्या स्वयंपाकघरातून काढणार. आणि ते म्हणतात, प्रत्येकाने आपल्या पायावर उभं राहावं. ज्या बॅचलरना घरची पोळी हवी, त्यांनी शुक्रवारी माझ्याकडे यावं, मी पुरण वाटायला शिकवीन. धन्यवाद.”

मी तोंड उघडं ठेवून बसलो होतो. इतकं सुबक उजवं भाषण बुवांनासुद्धा कधी जमलं नव्हतं! आणि टाळ्या? खालिदियाच्या बायका तर सोडाच, खालिदियाचे काही नवरेही वाजवत होते.

मतदान सुरू झालं. मुसफ्फाचे लोक रांगेत पुढे होते. पंचिंग मशीन माझ्याच ऑफिसातलं, जरा जड दाबावं लागणारं. मी शिर्क्यांना म्हटलं, “यल्ला, चला शिर्के, सोपं आहे. हे बघा, दाखवतो.” एका हातात तिळाचा लाडू, दुसऱ्या हातात मशीन. “फ्लोरिडात लोकांनी काय चूक केली? लक्ष दिलं नाही! हातात मशीन असताना दुसरीकडे बोलत राहिले! असं कार्ड घालायचं, असं दाबायचं, आणि टाकायचं पेटीत.” शिर्के म्हणाले, “समजलं साहेब.” त्यांच्या अडतीस लोकांनी अडतीस कडक भोकं पाडली. वेल्डरांचे हात!

मोजणीला गद्रेकाका बसले. मुसफ्फा: मला अडतीस, वृंदाला शून्य. जल्लोष! हमदान: मला नऊ, तिला सात. दोन भाग माझे. खालिदिया: मला पाच, तिला आठ. अल ऐन: मला दोन, तिला चार. दोन-दोन. उरला टुरिस्ट क्लब. माझा बालेकिल्ला.

काकांनी कार्डं दोन ढिगांत लावली. वृंदा दहा. मी नऊ. आणि एक कार्ड त्यांच्या हातात राहिलं. ते त्यांनी दिव्याकडे धरलं, मागचा भाग आमच्याकडे करून.

“हे अर्धवट आहे,” ते म्हणाले. “तुकडा लोंबतोय.”

मी भराभर विचार केला. हे मत मला असेल तर दहा-दहा, बरोबरी, म्हणजे टुरिस्ट क्लब माझा आणि अध्यक्षही मीच. तिला असेल तर ती अकरा. पण इतकं भोंगळ भोक पाडणारा माणूस माझा मतदार असूच शकत नव्हता! माझ्या प्रत्येक मतदाराला मी स्वतः शिकवलं होतं. हे नक्की तिच्याच बाजूच्या कुणाचं तरी. पण ते बाद झालं तरी ती दहा आणि मी नऊ राहत होतो, हे साधं गणित मला त्या क्षणी दिसलं नाही. मला फक्त तत्त्व दिसलं.

“बाद!” मी उभा राहून गरजलो. “नियम म्हणजे नियम! मनात काय होतं ते बघायचं नाही!”

“नीट विचार कर,” काका म्हणाले. त्यांचा आवाज जरा विचित्र येत होता.

“काका, महिनाभर एका अख्ख्या देशाने विचार केलाय. बाद करा!”

शिर्के मागून कुजबुजले, “साहेब, बसा की जरा.” मी बसलो नाही.

“बाद,” काका म्हणाले आणि कार्ड वळवलं. लोंबणारा तुकडा डाव्या चौकटीत होता. कार्डाच्या कोपऱ्याला गूळ लागलेला होता आणि त्यावर एक तीळ चिकटलेला होता.

मुक्ता पहिल्या रांगेतून ओरडली, “बाबा! दॅट्स युअर्स! यू वेअर टीचिंग शिर्के अंकल!”

पुढचं हसणं किती वेळ चाललं ते मला सांगता येणार नाही. बॅचलर एकमेकांच्या पाठी बडवत होते. काकांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि निकाल वाचला: भाग तीन विरुद्ध दोन, सौ. वृंदा विजयी. कुणीतरी एकूण मतांची बेरीज केली आणि पुन्हा हसू फुटलं. शिर्के माझ्याजवळ येऊन खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “साहेब, त्रेसष्ट होती हो आपली. साधे हात वर केले असते तर...” ते वाक्य मी त्यांना पुरं करू दिलं नाही.

पाडवा आला. नव्या अध्यक्षांनी पहिला हुकूम काढला: माजी अध्यक्षांनी किचन सांभाळावं. केटररच्या पोळ्या आल्या. पोळी जाड आणि पुरण शोधावं लागत होतं, हे मी आजही ठामपणे सांगतो. शिवाय दोन परातींत वेगळ्या पोळ्या होत्या, वेड्यावाकड्या, काही फाटलेल्या, कॅम्पातल्या चार जणांनी वृंदाकडे शिकून केलेल्या. त्या सगळ्यांत आधी संपल्या. मी आणि शिर्के तवा घेऊन उभे होतो, तूप कोपरापर्यंत आलं होतं, आणि भिंतीपलीकडे लेझीम सुरू झाली.

मी वाढण्याच्या खिडकीतून डोकावलो. मुक्ता मला दिसली नाही, मध्ये माणसं होती. वृंदा दिसली. पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीत, नवी जांभळी साडी, हात मांडीवर. तिची नजर एकदाही हलली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं. चार वर्षं मी त्या खुर्चीत बसलो होतो, आणि अर्धा वेळ शेजारच्याला अमेरिका समजावून सांगत होतो. मला फार आनंद झाला आणि फार लाज वाटली. मागून पोळी करपल्याचा वास आला.

जेवणं झाल्यावर गद्रेकाका सगळ्यांसमोर म्हणाले, “मला तर वाटतं, यानं ते भोक मुद्दाम अर्धवट पाडलं. बायकोसाठी. मोठ्या मनाचा आहे.” लोकांनी कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, मोठ्या मनाची माणसं घालतात तशी.

घरी जाताना शहरात शिरायचा पूल लागला तेव्हा वृंदाने हळूच विचारलं, “अहो, खरं सांगा. मुद्दाम केलंत?”

मी समोरचा रस्ता बघत म्हणालो, “हो.”

ती इतकी हसली की तिला सीटबेल्ट सैल करावा लागला. “मुद्दाम करायचं तर तेवढा वेळ गप्प बसावं लागतं,” ती म्हणाली. “तुम्हाला जमलं असतं?” आणि मग, हसू ओसरल्यावर, तिने माझ्या तुपकट बाहीवर हात ठेवला आणि तो घर येईपर्यंत काढला नाही.

मागच्या सीटवरून मुक्ता म्हणाली, “बाबा, डू यू वॉन्ट अ रीकाउंट?”

मी नको म्हटलं. उगाच पुन्हा मोजलं असतं, तर मी त्याच कार्डाला पुन्हा उभा राहून ‘बाद’ म्हणालो असतो!